बातमीलाही बॅच नंबर असतो

सप्टेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात एक वेगळीच साथ आली होती. ताप नाही, खोकला नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या अचानक बंद केलेले रुग्ण एकामागून एक येत होते. का बंद केल्या असे विचारले की उत्तर ठरलेले: "डॉक्टर, बातमी आली ना. त्या गोळ्या नापास झाल्यात."

बातमी खरी होती, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. खोटी असती तर दोन ओळींत विषय संपला असता.

केंद्र सरकारची औषधांवर लक्ष ठेवणारी एक संस्था आहे, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीडीएससीओ म्हणतात. बाजारातून औषधांचे नमुने उचलायचे, प्रयोगशाळेत तपासायचे आणि जे ठरलेल्या दर्जाचे निघाले नाहीत त्यांची यादी दर महिन्याला जाहीर करायची, हे तिचे नेहमीचे काम. ऑगस्ट २०२४च्या यादीत पन्नासहून अधिक नमुने होते. त्यांत पॅरासिटामॉल होते, रक्तदाबाची टेल्मिसार्टन होती, मधुमेहाची ग्लिमेपिराइड होती, कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, पित्तावरची औषधे होती. घराघरात असणारी ही नावे. मग मथळे काय आले असतील ते तुम्हाला आठवत असेलच: पॅरासिटामॉलसह पन्नासच्या वर औषधे नापास!

आता ती मूळ यादी कशी असते ते पाहा. प्रत्येक ओळीत औषधाचे नाव, त्यानंतर बॅच नंबर, कधी बनवले, मुदत कधी संपते, कोणी बनवले आणि कोणत्या चाचणीत नापास झाले, हे सगळे असते. म्हणजे नापास झाली ती त्या उत्पादकाची त्या बॅचची गोळी. एखादी ठरलेल्या वेळेत विरघळली नाही, एखादीत औषधाचे प्रमाण कमी भरले, अशी कारणे. "टेल्मिसार्टन हे औषध वाईट आहे" असे त्या यादीत कुठेही म्हटलेले नव्हते. शिवाय यादीतल्या काही कंपन्यांनी नंतर सांगितले, की तो बॅच आमचा नाहीच, कोणीतरी आमच्या नावाने बनावट माल विकला आहे. तोही प्रश्न गंभीर आहेच. पण त्यावरचा इलाज पट्टीवरचा बॅच नंबर बघणे आणि ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन औषध घेणे हा आहे. गोळी बंद करणे हा नाही.

मथळा छोटा करताना नेमका बॅच नंबर गळला. आणि फोनवर मथळा हीच बातमी असते. खाली काय लिहिले आहे ते बघायला बोट जातच नाही.

टेल्मिसार्टनची आणखी एक गंमत सांगतो (गंमत कसली म्हणा). या गोळीचा परिणाम शरीरात बराच वेळ टिकतो. चोवीस तासांनीही काही औषध रक्तात असते. त्यामुळे गोळी बंद केली की पहिले एक-दोन दिवस माणसाला काहीच जाणवत नाही. पुढेही जाणवत नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. "दहा दिवस घेतली नाही, काही झाले नाही," असे एका आजींनी मला अभिमानाने सांगितले. मशीनवर आकडा होता १८४/१०२. त्यांच्याकडची पट्टी यादीतल्या बॅचची नव्हती. यादीतल्या उत्पादकाचीही नव्हती.

मला विचाराल तर यात दोष रुग्णाचा नाही. आजींनी बातमी वाचली आणि स्वतःच्या तब्येतीची काळजी म्हणून निर्णय घेतला. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली तीच अर्धी होती. बातमी आता अर्धीच का पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. तो पत्रकारांचा आहे तितकाच माझ्यासारख्या डॉक्टरचाही झाला आहे, कारण अर्ध्या बातमीचे उरलेले अर्धे माझ्या टेबलावर येते.

विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोकलने रोज प्रवास केला आहे, त्यांना पेपर वाचण्याची ती पद्धत आठवेल. एक अंक, त्याची पाने सुटी करून चौघांत वाटलेली, चौथ्या सीटवर अर्धे टेकून उभी घडी घातलेले पान. अग्रलेख एकाकडे, क्रिकेट दुसऱ्याकडे. मीरा रोडपर्यंत पानांची अदलाबदल झालेली असायची. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. त्या पेपरांतही चुका असत, चमत्कारी औषधांच्या जाहिराती तर भरभरून असत, आणि आपल्या बाजूची बातमी यायला इथे काहीतरी भयंकर घडावे लागे. पण एक गोष्ट होती. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक मजकूर छापलेला असे, आजही असतो: मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, अमुक ठिकाणी छापले, संपादक अमुक, बातम्यांच्या निवडीसाठी जबाबदार. १८६७च्या कायद्यापासून मुद्रक-प्रकाशकांची नावे छापणे बंधनकारक आहे. तो कायदा बदलून आता २०२३चा आला, पण जबाबदार कोण हे कळलेच पाहिजे, हा मूळ विचार तोच.

ती ओळ कोणी वाचत नाही. औषधाच्या पट्टीवरचा बॅच नंबरही कोणी वाचत नाही. पण काही बिघडले तर शोध तिथून सुरू होतो.

फॉरवर्डला ती ओळ नसते. एखाद्या पेपरच्या कात्रणाचा फोटो येतो तेव्हा त्यातून तारीख, पेपरचे नाव, बातमीदाराचे नाव सगळे कापलेले असते. तीन वर्षांपूर्वीची डेंग्यूची बातमी आजची म्हणून फिरते. दवाखान्यात कधी कधी कोणी कागदाच्या पुडीत सुटी पांढरी गोळी घेऊन येते आणि विचारते, "डॉक्टर, ही कशाची?" गोळी खरी असेल, चांगलीही असेल. पण पट्टी नाही, नाव नाही, मुदत नाही, तर मी ती तुम्हाला घ्यायला सांगू शकत नाही. बातमीचेही तसेच.

हा बदल आपल्याकडे हळूहळू होत होताच, पण दाराशी येणारा पेपर प्रत्यक्षात थांबला तो २०२०मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि मुंबई परिसरात पेपरचे वाटप बंद पडले. कागदावरून कोरोना घरात येतो, ही भीती. एप्रिलमध्ये राज्य सरकारने छपाईला परवानगी दिली पण घरोघरी वाटायला मनाई केली. टीका झाल्यावर ती मनाई मुंबई-पुण्याचा भाग आणि प्रतिबंधित क्षेत्रे एवढ्यापुरती ठेवली, आणि जूनमध्ये घरपोच पेपर पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. दरम्यान सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पेपरच्या पीडीएफ येऊ लागल्या होत्या. नंतर परवानगी मिळाली तरी अनेक घरांनी पेपर पुन्हा लावलाच नाही. आमच्या इमारतीत पूर्वी सकाळी जिन्यात पेपर पडल्याचे आवाज यायचे. आता दोन मजल्यांवर येतात.

वैद्यकीय बाजूने पाहिले तर या निर्णयात एक विनोद दडलेला आहे. मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासाचा सगळीकडे बोलबाला झाला, त्यात प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर साधारण २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर व स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. म्हणजे भीती बाळगायचीच तर कागदापेक्षा फोनच्या प्लास्टिक कव्हरची जास्त बाळगायला हवी होती. तो तर आपण दिवसभर हातात धरत होतो आणि बोलताना गालाला लावत होतो. पुढे लक्षात आले की हा आजार वस्तूंवरून फारसा पसरत नाही, पसरतो तो श्वासावाटे. पण तोपर्यंत पेपरवाल्या मुलांचे दोन-अडीच महिने बुडाले होते.

त्याच एप्रिलमध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ १६ एप्रिल २०२०च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने ठार मारले. त्या भागात काही दिवस आधीपासून चोर फिरताहेत, मुले पळवणारे फिरताहेत, अशा अफवा पसरल्या होत्या. पेपर बंद, एसटी बंद, बाजार बंद. अफवा खरी की खोटी हे विचारायला गावाबाहेरचे माणूस भेटत नव्हते. फोन मात्र चालू होते. घटनेनंतर मारणारे आणि मरणारे यांच्या धर्मावरून दुसऱ्या अफवांची लाट उठली आणि गृहमंत्र्यांना त्यावर खुलासा करावा लागला. त्याआधी दोन वर्षे, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून मारले गेले. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. माझे अर्धेअधिक रुग्ण ते दोन बाण म्हणजे 'महत्त्वाचे' असे समजतात. त्यांचा अर्थ एवढाच, की हा संदेश अनेक हातांतून आला आहे आणि मूळ कोणाचा ते सांगता येत नाही.

इंटरनेटने अफवा निर्माण केली असे मात्र कोणी म्हणू नये. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसाला तिथे मारून टाकतात अशी अफवा उठली, आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. तेव्हा ना मोबाइल होते ना रेडिओ. फरक वेगाचा आहे, आणि माझ्या मते त्याहून मोठा फरक ओळखीचा आहे. तेव्हाची अफवा अनोळखी माणसाच्या तोंडून यायची. आजची अफवा भावाच्या, मेहुण्याच्या, शाळेतल्या मित्राच्या नावाने येते. आपण बातमीवर विश्वास ठेवत नाही, मेहुण्यावर ठेवतो.

याची किंमत किती असते याचा एक अनुभव सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. आगाशीच्या बाजूचे साठीतले एक गृहस्थ. सकाळी चहा पिताना कप हातातून पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द नीट येईनात. घरातल्यांनी लगेच ओळखले की हा झटका आहे, लकव्याचा. इथपर्यंत सगळे उत्तम. पण सुनेच्या फोनवर एक संदेश होता: लकवा आला की रुग्णाला हलवू नका, सुईने दहाही बोटांची टोके टोचा, कानाच्या पाळ्या ओढून तिथेही टोचा, रक्त आले की माणूस पूर्ववत होतो. तळाशी कोण्या परदेशी प्राध्यापकाचा हवाला. त्यांनी टोचले. रक्त आले. थोडे बरे वाटते असे वाटले. मग तासाभराने पुन्हा टोचले. मला फोन आला तेव्हा तीन तास उलटून गेले होते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. ते देण्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावेच लागते, कारण रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. त्या साडेचार तासांत गाडी, ट्रॅफिक, स्कॅन, रिपोर्ट हे सगळे बसवायचे असते. विरारच्या रस्त्यांवर हे गणित काय असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यांचे ते बसले नाही. ते आज चालतात, बोलतात, पण उजव्या हाताने शर्टाचे बटण लावता येत नाही. बोटे टोचल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, यांतले एक जरी अचानक दिसले तर १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवून तिथल्या डॉक्टरांना सांगा. तोंडाने काही देऊ नका, पाणीही नाही.

इंटरनेटने आपल्याला काय दिले, तेही बोलायला हवे. २३ एप्रिल २०२१ला पहाटे विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि तिथले कोविडचे रुग्ण दगावले. वेळ पहाटे तीनच्या सुमाराची. सकाळच्या छापील अंकात ती बातमी येणे शक्यच नव्हते, तोवर पेपर छापून झालेले असतात. ज्यांची माणसे आत होती त्यांच्या गावाकडच्या नातेवाइकांना ती कळली फोनवरच. त्याच महिन्यात ऑक्सिजनचे बेड कुठे शिल्लक आहेत हे लोक एकमेकांना ग्रुपवरून सांगत होते, आणि त्यांतली बरीच माहिती शिळी असली तरी काहींना बेड त्यामुळेच मिळाला. बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत पाण्याचे काय झाले, अर्नाळ्याच्या रस्त्यावर काय अडले आहे, हे आज जितके पटकन कळते तितके पूर्वी कधीच कळत नव्हते. फक्त फोनची बॅटरी शाबूत हवी. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्यात गेले, लोकल बंद झाल्या, वीज गेली, तेव्हा एकेक फोन बंद पडत गेला आणि बातम्याही बंद पडल्या. शेजारच्या काकांचा सेलवर चालणारा रेडिओ पुन्हा कामाला आला होता.

आणि ती सीडीएससीओची यादी! माझ्या शिक्षणाच्या काळात असली यादी मला, एका डॉक्टरला, मिळवायची तर कुठून मिळवायची हे माहीत नव्हते. आज ती संकेतस्थळावर फुकट आहे आणि तुमच्या फोनवर उघडते. मूळ कागद आजच्याइतका सामान्य माणसाच्या जवळ कधीच नव्हता. आपण मात्र मूळ कागद सोडून मथळ्याचा स्क्रीनशॉट वाचतो.

यात पैशाचाही भाग आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी मला फुकट सॅम्पल देतो तेव्हा ते फुकट नसते, हे मला कळते. तो खर्च कंपनी कुठून तरी वसूल करणार. फुकट बातमीचेही तसेच आहे. तिचा खर्च जाहिरातदार करतो, आणि जाहिरातदाराला तुम्ही बातमी नीट समजून घेता की नाही याच्याशी देणेघेणे नाही, तुम्ही बोट लावता की नाही याच्याशी आहे. 'ही गोळी घेत असाल तर सावधान' असा मथळा त्यातून जन्मतो. डोंबिवली-विरारच्या एखाद्या वार्ताहराने पालिकेत चार चकरा मारून, डेंग्यूचे आकडे तपासून बातमी द्यायची, तर त्याला पगार कोणी द्यायचा? मी एक छापील पेपर घेतो आणि एका संकेतस्थळाची वर्गणी भरतो. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च एका मध्यम पिझ्झापेक्षा कमी आहे. सगळ्यांना हे जमेल असे नाही, पण ज्या घरात तीन ओटीटी चालू आहेत तिथे जमायला हरकत नसावी.

आता कामाचे. औषधांबद्दल, लशीबद्दल, साथीबद्दल काही वाचलेत आणि शंका आली तर विचारायला या. "डॉक्टर चिडतील" म्हणून लपवू नका. लपवून गोळी बंद केलेली मला जास्त त्रासाची पडते. येताना दोन गोष्टी आणा. एक, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पट्ट्यांसकट, कापलेल्या तुकड्यांतही बॅच नंबर आणि मुदत शाबूत राहील अशा. पट्टी कापताना छापील टोकाच्या उलट बाजूने सुरुवात करा, म्हणजे तो मजकूर शेवटपर्यंत राहतो. दुसरी, ती बातमी. स्क्रीनशॉट असेल तर चालेल, पण लिंक असेल तर फार बरे. ती दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर आपण दोघे मिळून उघडू, तारीख बघू, आणि यादी निघाली तर तुमच्या पट्टीचा नंबर तिच्यात आहे का ते तिथेच शोधू. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. तोपर्यंत गोळी चालू ठेवा.